'चंगळ' म्हणजे नेमकं काय? चैन, ऐष, हौस आणि चंगळवाद यांत फरक काय?

ही दोन वाक्यं वाचा.

"हापूसची आवक वाढली, खवय्यांची चंगळ."

"आजची पिढी चंगळवादी झाली आहे."

पहिलं वाक्य वाचून तोंडाला पाणी सुटतं. दुसरं वाचलं की कुणीतरी कान पिळतंय असं वाटतं. शब्द मात्र दोन्हीकडे एकच आहे, चंगळ. फरक पडला तो मागे लागलेल्या 'वाद'मुळे.

सोशल मीडियावर हा शब्द रोज कुठे ना कुठे भेटतो. कुणी गोव्याच्या सहलीचे फोटो टाकले की खाली कमेंट येते, "मजा आहे बुवा, चंगळ चाललीय." कुणी नवा फोन घेतला, लग्नाआधी फोटोशूट केलं, दर शनिवारी बाहेर जेवायला गेलं, की दुसरी कमेंट ठरलेली असते, "हाच तो चंगळवाद." पहिली कमेंट थट्टेची, दुसरी आरोपाची.

मग चंगळ म्हणजे नेमकं काय? चैन, ऐष, विलास हे सगळे एकाच अर्थाचे शब्द आहेत का? आणि दुसऱ्याच्या खर्चाला हे नाव देण्याआधी थोडं थांबायला का हवं? एकेक शब्द घेऊन पाहू.

चंगळ : मुळात आनंदाचा शब्द

'चंगळ' हा स्त्रीलिंगी शब्द आहे. 'ती चंगळ', 'मोठी चंगळ', 'चंगळ झाली'. एखादी हवीहवीशी गोष्ट, विशेषतः खाण्यापिण्याची, नेहमीपेक्षा भरपूर मिळणं आणि त्यामुळे मजा होणं, असा त्याचा सरळ अर्थ.

हा शब्द वाक्यात कसा बसतो ते पाहण्यासारखं आहे. आपण "मी चैन केली" असं म्हणतो, पण चंगळ बहुतेक वेळा 'होते' किंवा 'असते', आणि ती कुणाची तरी असते. मामाच्या गावाला गेलेल्या मुलांची चंगळ होते. घरात मांजर नसलं की उंदरांची चंगळ असते. दिवाळी अंक आले की वाचकांची चंगळ होते. लग्नाच्या पंगतीत जिलबी दुसऱ्यांदा फिरली की गोडघाशांची चंगळ.

म्हणजे चंगळ करायला माणूस श्रीमंत असावा लागत नाही. ती अनेकदा आपोआप वाट्याला येते. आणखी एक गोष्ट, ती थोड्या दिवसांची असते. आंब्याचा मोसम संपला की चंगळ संपली. रोज मिळणाऱ्या वरणभाताला कुणी चंगळ म्हणत नाही. एरवी जे कमी मिळतं, ते अचानक मुबलक झालं की हा शब्द तोंडात येतो.

त्याच्या शेजारीच 'चांदी' हा शब्द ठेवून बघा. "पर्यटकांची गर्दी, हॉटेलवाल्यांची चांदी" असं आपण वाचतो. चांदी होते ती विकणाऱ्याची, चंगळ होते ती खाणाऱ्याची. चांदीत नफा आहे, चंगळीत मजा आहे. "हापूस स्वस्त झाल्याने खवय्यांची चांदी" असं कुणी लिहिलं तर अर्थ कळेल, पण मराठी कानाला ते किंचित खटकेल.

चैन : हिंदीत शांतता, मराठीत खर्च

हिंदीत 'चैन' म्हणजे मनाची शांतता, आराम. हिंदी बोलणारा माणूस चैनीत झोपतो म्हणजे निवांत झोपतो. त्याला पैसे लागत नाहीत.

मराठीतही हा अर्थ पूर्ण गेलेला नाही. "मुलाचा फोन येईपर्यंत आईच्या जिवाला चैन पडत नाही" या वाक्यात चैन म्हणजे स्वस्थताच. 'बेचैन' हा शब्दही त्याच अर्थातून आलेला आहे. पण "त्याची नुसती चैन चाललीय" असं म्हटलं की मराठी माणसाला खर्च दिसतो. गरज नसताना, केवळ सुखासाठी केलेला खर्च. 'चैनी', 'चैनबाजी', 'चैनीची वस्तू' हे सगळे शब्द या दुसऱ्या अर्थाचे.

शाळा-कॉलेजच्या अर्थशास्त्रात हाच शब्द आला. तिथे वस्तूंचे तीन ढोबळ गट शिकवतात. जगायला लागतात त्या आवश्यक वस्तू, जगणं सुकर करतात त्या सुखसोयीच्या वस्तू, आणि ज्यांच्यावाचून काही अडत नाही त्या चैनीच्या वस्तू. अर्थशास्त्राच्या दृष्टीने चैनीची वस्तू म्हणजे वाईट वस्तू नव्हे. उत्पन्न वाढलं की जिच्यावरचा खर्च उत्पन्नापेक्षाही वेगाने वाढतो ती चैनीची वस्तू, इतकीच ती व्याख्या. त्यात नैतिकता नाही. ती आपण बोलताना घालतो.

ऐष : तिकडे भाकरी, इकडे मजा

ऐष, ऐश, ऐषआराम, ऐषाराम, ऐशोआराम. एकाच शब्दाची ही वेगवेगळी रूपं. मूळ शब्द अरबी. तिथे त्याचा अर्थ 'जगणं', 'जीवन' असा आहे. फारसी आणि उर्दूतून येता येता त्याला 'सुखाचं जगणं' आणि मग 'मौजमजा' असा रंग चढला. 'ऐशोआराम'मधला 'ओ' हा फारसीतला 'आणि'. ऐश आणि आराम, इतकी साधी ती जोडी.

गंमत अशी की इजिप्तमध्ये रोजच्या बोलण्यात रोटीला, पावाला 'ऐश' म्हणतात. जगायला लागते ती रोटी, म्हणून जगण्याचाच शब्द तिला लागला. २०११ मध्ये कैरोच्या तहरीर चौकात लोक सरकारविरुद्ध जमले, तेव्हा त्यांच्या गाजलेल्या घोषणेतला पहिला शब्द 'ऐश' हा होता. त्यांना मौजमजा नको होती, भाकरी हवी होती. त्यानंतरचे शब्द होते स्वातंत्र्य आणि सामाजिक न्याय.

एकच शब्द एका देशात पोटाची गरज सांगतो आणि दुसरीकडे गरजेपलीकडची मजा. गरज कुठे संपते आणि ऐष कुठे सुरू होते याची रेघ भाषेतही पक्की नाही, हे यावरून दिसतं.

विलास आणि भोग : संस्कृतातून आलेली जोडी

'विलास' या शब्दाच्या मुळाशी चमकणं, खेळणं, शोभणं हे अर्थ आहेत. म्हणूनच मराठीत 'विलास' हे मुलाचं नाव ठेवतात आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. 'बुद्धिविलास', 'वाग्विलास' हेही चांगल्या अर्थाचे शब्द. पण 'विलासी' म्हटलं की लगेच नापसंती आली. 'विलासी राजा' हे काही कौतुक नव्हे.

'भोग' तर आणखी मजेशीर. सुख भोगलं जातं आणि शिक्षाही भोगली जाते. 'उपभोग' आनंदाचा, पण 'नशिबाचे भोग' दुःखाचे. जे वाट्याला येतं ते सोसणं किंवा चाखणं, दोन्हीला मराठीत एकच धातू पुरतो. 'भोगविलास' अशी जोडी केली की मात्र अर्थ एकाच बाजूला झुकतो, सुखात बुडून जाणं.

थोडक्यात फरक

रोजच्या वापरातले आणखी काही शब्द घेऊन फरक असा मांडता येईल.

चंगळ : हवी ती गोष्ट भरपूर मिळाल्याने झालेली मजा. बहुधा थोड्या काळाची.

चैन : गरज नसताना सुखासाठी केलेला खर्च. "महिन्यातून एकदा सिनेमा, एवढीच आमची चैन."

ऐष : कष्ट न करता, निवांत, मजेत राहणं. "बापाच्या जिवावर ऐष करतो."

विलास : सुखसाधनांनी भरलेलं जगणं. लिखित भाषेत जास्त.

छानछोकी : कपडालत्ता, राहणीमान यांतला झुळझुळीतपणा. दिसण्यावर भर.

डामडौल, बडेजाव : लोकांना दाखवण्यासाठी केलेला थाट.

उधळपट्टी : पैसा विचार न करता खर्चणं. इथे मजा झालीच पाहिजे असं नाही. सरकारी कामातही उधळपट्टी होते.

हौस : मनापासूनची आवड पुरवणं. "हौसेला मोल नाही" ही म्हण सगळ्यांना ठाऊक आहे.

यादीतला शेवटचा शब्द महत्त्वाचा आहे. खर्च तोच, रक्कमही तीच, पण माणूस स्वतःच्या खर्चाला सहसा 'हौस' म्हणतो. शेजाऱ्याच्या खर्चाला 'चैन' म्हणतो. आणि पुढच्या पिढीच्या खर्चाला 'चंगळवाद'. शब्द निवडताना आपण वस्तूची किंमत कमी आणि खर्च करणारा कोण आहे हे जास्त बघतो.

'वाद' जोडला आणि शब्द फिरला

'चंगळवाद' हा शब्द इंग्रजीतल्या 'कन्झ्युमरिझम'ला मराठी प्रतिशब्द म्हणून रुळला. १९९१ नंतर अर्थव्यवस्था खुली झाली, बाजारात परदेशी वस्तू आल्या, जाहिराती वाढल्या, मॉल उभे राहिले. त्या काळात अग्रलेख, व्याख्यानं, परिसंवाद यांतून हा शब्द वारंवार कानावर पडू लागला. वस्तू विकत घेत राहण्यातच सुख आहे, जितक्या जास्त वस्तू तितकं यशस्वी आयुष्य, असं मानणारी वृत्ती म्हणजे चंगळवाद.

हिंदीत याच कल्पनेला 'उपभोक्तावाद' म्हणतात. तो कोरडा, तांत्रिक शब्द आहे. मराठीने मात्र थेट स्वयंपाकघरातला, पंगतीतला शब्द उचलला. त्यामुळे तो चटकन पटतो. पण त्यामुळेच त्याला सुरुवातीपासून टोमण्याची धारही आली.

आणखी एक बारकावा. इंग्रजीत 'कन्झ्युमरिझम'चा दुसरा अर्थ ग्राहकांच्या हक्कांसाठी लढणं असाही आहे. फसवणूक झाली तर दाद मागणं, वजन-मापात खोट असेल तर जाब विचारणं. त्या अर्थाला मराठीत 'ग्राहक चळवळ' म्हणतात, आणि महाराष्ट्रात ती १९७० च्या दशकापासून जोमात आहे. मुंबई ग्राहक पंचायतीची स्थापना १९७५ ची. म्हणजे इंग्रजीतला एकच शब्द मराठीत दोन टोकांना गेला. एक डोळस ग्राहकाचा, दुसरा वाहवत गेलेल्या ग्राहकाचा. भाषांतर करताना हे ध्यानात ठेवलं नाही तर अर्थाचा अनर्थ होतो.

'सुखवाद' आणि 'चंगळवाद' यांचीही अशीच गल्लत होते. सुखवाद हा तत्त्वज्ञानातला विचार आहे. सुख हेच माणसाच्या जगण्याचं ध्येय, असं तो मानतो. पण सुख म्हणजे खादाडी असं त्यात गृहीत नाही. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस याचं नाव पाश्चात्त्य भाषांत चमचमीत खाण्याच्या शौकिनांशी जोडलं गेलं. प्रत्यक्षात त्याची राहणी साधी असल्याची नोंद आहे. तो पाव आणि पाण्यावर समाधानी असे, आणि मेजवानी करावीशी वाटली तर मित्राकडे थोडंसं चीज मागे. आज त्याने त्या चीजचा फोटो टाकला असता, तर कमेंट काय आल्या असत्या याचा अंदाज कुणालाही करता येईल.

सुपे, १८७५ : शेतकरी खरंच चैनीने बुडाला का?

"लोक झेपत नसताना खर्च करतात म्हणून कर्जात बुडतात." हे वाक्य आजचं वाटतं, पण दीडशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात तेच म्हटलं जात होतं, आणि त्याची चौकशीही झाली होती.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे या गावी शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे ताब्यात घेऊन जाळले. हे लोण पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या तीसहून अधिक गावांत पसरलं. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात.

शेतकरी इतका कर्जबाजारी का झाला, याचं एक सोपं उत्तर त्या काळी तयार होतं. लग्नकार्यात आणि सणावारात तो ऐपतीबाहेर खर्च करतो. 'ऋण काढून सण' हा वाक्प्रचार मराठीत होताच.

सरकारने नेमलेल्या आयोगाने चौकशी केली. त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवला गेला. लग्नखर्चाबद्दल आयोगाचा निष्कर्ष लक्षात ठेवण्यासारखा आहे. शेतकऱ्याची कमाई पाहता हा खर्च जास्त वाटतो खरा, पण असे प्रसंग क्वचित येतात. अनेक वर्षांचा हिशेब धरला तर अशा माणसाने घरच्या आणि समाजातल्या आनंदासाठी जेवढं खर्च करणं रास्त आहे, त्याहून ही रक्कम बहुधा जास्त भरत नाही. कर्जाचं कारण म्हणून लग्नखर्चाला अवाजवी महत्त्व दिलं गेलं आहे, असं आयोगाने नोंदवलं.

मग कर्ज वाढलं कशाने? १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होतं. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी शेतकऱ्यांना हात सैल सोडून कर्जं दिली. युद्ध संपलं, अमेरिकी कापूस परत आला, इथले भाव कोसळले. सावकारांनी हात आखडले आणि जुनी कर्जं मागायला सुरुवात केली. त्याच सुमारास जमिनीच्या साऱ्याची नवी आकारणी आली आणि अनेक ठिकाणी सारा पन्नास ते शंभर टक्क्यांनी वाढला.

त्यात कायद्यातून एक विचित्र पळवाट निघाली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षं ठरवली. हेतू असा की व्याज वर्षानुवर्षं साचू नये. पण तीन वर्षं झाली की सावकार नवा कागद करून घेत. थकलेलं व्याज मुद्दलात मिसळायचं, त्या मोठ्या रकमेला नवं मुद्दल म्हणायचं, आणि त्यावर पुन्हा व्याज लावायचं.

आयोगाने सरकारच्या साऱ्याला दोषातून सोडवलं आणि सगळा रोख सावकारांवर ठेवला, त्यावर इतिहासकारांनी टीका केली आहे. पण त्या सरकारी आयोगालाही लग्नातल्या जेवणावळीवर खापर फोडता आलं नाही. पुढे १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला.

शेतकऱ्याच्या खर्चाला 'उधळपट्टी' हे नाव एकदा दिलं की सारा, कापसाचे भाव आणि चक्रवाढ व्याज यांच्याकडे बघायची गरजच उरत नव्हती. एका शब्दाने प्रश्न मिटल्यासारखा वाटत होता. धोका तिथेच होता.

तोच आरोप, नवा पदार्थ

२०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातले एक मोठे बांधकाम व्यावसायिक टिम गर्नर यांची टीव्हीवरची मुलाखत जगभर गाजली. तरुण असताना, पहिलं घर घेण्याची धडपड चालू होती तेव्हा, आपण १९ डॉलरचा अ‍ॅव्होकॅडो टोस्ट आणि ४ डॉलरच्या चार-चार कॉफ्या घेत नव्हतो, असं ते म्हणाले. तरुणांनी लगेच हिशेब मांडले. सिडनी किंवा मेलबर्नमधल्या घराची अनामत रक्कम भरायला किती वर्षं टोस्ट सोडावा लागेल, याची गणितं सोशल मीडियावर फिरली. घरांच्या किमती पगारापेक्षा कितीतरी वेगाने वाढल्या असतील, तर नाश्ता सोडून घर होत नाही, हा त्यांचा मुद्दा होता.

याच्या उलट बाजूचं उदाहरण मोरोक्कोतलं. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांनी २०११ च्या 'पुअर इकॉनॉमिक्स' या पुस्तकात एका खेड्यातला प्रसंग दिला आहे. ज्या घरात खाण्याची ददात, त्या घरात टीव्ही, डिश अँटेना आणि डीव्हीडी प्लेयर होता. याचं कारण विचारल्यावर घरातला माणूस हसून म्हणाला की टीव्ही अन्नापेक्षा महत्त्वाचा आहे. गावात काम वर्षातले थोडेच दिवस मिळायचं. उरलेले दिवस नुसते बसून काढायचे. त्या रिकाम्या दिवसांत टीव्ही ही त्याच्यासाठी चैन नव्हती.

आपल्याकडेही असंच होतं. घरकाम करणाऱ्या बाईच्या हातात स्मार्टफोन दिसला की "यांच्याकडे एवढे पैसे येतात कुठून?" असा सूर निघतो. पण कामाचा निरोप, मुलाच्या शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, यूपीआयवर येणारा पगार, या सगळ्यासाठी तोच फोन लागतो, हे विचारणारा विसरतो.

चैनीची यादी सरकारलाही बदलावी लागते

चैन कशाला म्हणायचं हा केवळ गप्पांचा विषय नाही. त्यावर कर ठरतो.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हा एअर कंडिशनरवर २८ टक्के हा सर्वांत वरचा दर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून दरांची नवी रचना आली आणि एसी १८ टक्क्यांवर आला. ३२ इंचांपेक्षा मोठे टीव्हीही १८ टक्क्यांत आले. ४० टक्क्यांचा नवा वरचा दर मोठ्या गाड्या, ३५० सीसीच्या वरच्या मोटरसायकली, खासगी विमानं आणि नौका यांसारख्या गोष्टींना लागला. वाढत्या उन्हाळ्यात विदर्भातल्या माणसाला एसी चैनीचा वाटत नाही, ते एकदाचं कराच्या तक्त्यातही उतरलं.

सॅनिटरी नॅपकिनवर सुरुवातीला १२ टक्के जीएसटी होता. हा दर चैनीच्या वस्तूंचा नव्हे. पण दर महिन्याला लागणाऱ्या वस्तूवर कर का, असा प्रश्न महिलांनी लावून धरला, आणि जुलै २०१८ मध्ये तो कर शून्यावर आला. रेघ कुठे ओढायची हे ठरवणाऱ्याला ज्या गरजेचा अनुभव नसतो, ती गरज त्याच्या डोळ्यांत सहज भरत नाही.

म्हणजे चंगळवाद नाहीच का?

आहे. आणि त्याच्यावर बोलायलाही हवं.

अमेरिकी विचारवंत थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये 'दिखाऊ उपभोग' ही कल्पना मांडली. माणूस काही वस्तू वापरण्यासाठी घेतो आणि काही वस्तू आपली पत दाखवण्यासाठी. वरचा वर्ग जे करतो त्याची नक्कल खालचा वर्ग करतो, आणि न झेपणारा खर्चही मग रिवाज बनतो. आजचं मराठी लग्न बघा. हळदीची वेगळी सजावट, संगीत, प्री-वेडिंग शूट, ड्रोन. यातलं बरंचसं वधू-वरांना हवं म्हणून होतं, आणि बरंचसं "लोक काय म्हणतील" म्हणून. दुसऱ्या प्रकारात मजा कमी आणि धाक जास्त असतो. खरं तर त्यात चंगळ कुणाचीच होत नाही. कॅटररची आणि डेकोरेटरची चांदी होते इतकंच.

दुसरी बाब कर्जाची. फोनवर दोन बटणं दाबली की वस्तू घरी येते आणि पैसे नंतर द्यायचे असतात. क्रेडिट कार्डाच्या थकीत रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज ही नवलाई नाही. समजा ४०,००० रुपये थकले. एका महिन्याचं व्याज झालं १,४०० रुपये. किमान रक्कम म्हणून २,००० रुपये भरले, तर त्यातले १,४०० व्याजात गेले आणि मूळ देणं कमी झालं फक्त ६०० रुपयांनी. व्याजावरचा कर वेगळाच. "किमान रक्कम भरा" असं सांगणारा मेसेज आणि दर तीन वर्षांनी नवा कर्जरोखा करून घेणारा सावकार यांच्यात काळाचं अंतर आहे, पण व्याज मुद्दलात मुरवण्याची रीत ओळखीची आहे.

म्हणून चंगळवादाविषयी बोलताना नजर दोन्हीकडे हवी. घेणाऱ्याच्या मोहाकडे, आणि तो मोह पेरणाऱ्या जाहिरातीकडे, कर्ज सोपं आणि व्याज बारीक अक्षरात ठेवणाऱ्या व्यवहाराकडेही. 'वाद' हा प्रत्यय विचारसरणीला लागतो. एखाद्या माणसाने घेतलेल्या कॉफीला तो लावला की शब्दाचा नेमच चुकतो.

मग हे शब्द वापरायचे कसे?

एखाद्या प्रसंगी भरपूर मजा झाली, तर बिनधास्त 'चंगळ' म्हणा. त्यात कमीपणा नाही.

गरजेपलीकडच्या खर्चाबद्दल बोलायचं असेल तर 'चैन' पुरेसा आहे. दुसऱ्याच्या कष्टावर आयतं राहण्याबद्दल बोलायचं असेल तर 'ऐष' नेमका बसतो. पैशाची नासाडी असेल तर 'उधळपट्टी' म्हणा, कारण तिथे मजेचा संबंध नाही.

'चंगळवाद' हा शब्द समाजाच्या वृत्तीसाठी आहे. "तो चंगळवाद करतो" हे मराठीतही बरोबर नाही आणि अर्थानेही नाही. 'चंगळवादी जीवनशैली', 'चंगळवादी जाहिराती' असं म्हणता येतं.

आणि पुढच्या वेळी कुणाच्या फोटोखाली "चंगळवाद" असं टाइप करायचा मोह झाला, तर आधी एवढंच बघा, हाच खर्च आपण केला असता तर त्याला काय म्हणालो असतो? उत्तर 'हौस' आलं, तर त्या माणसाचीही ती हौसच असू शकते. कदाचित वर्षभर राबून मिळालेले ते चार दिवस असतील. त्याला मराठीत जुना, साधा शब्द आहेच. त्याची चंगळ झाली, एवढंच.